गीझरखाली पाणी ठिबकतंय? ते भोक बुजवू नका

गीझर तापताना खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकू लागलं, की काही घरांत त्या भोकात सरळ एम-सील भरलं जातं. हे धोक्याचं आहे. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं, की सुमारे ३५० मिलीलिटरने फुगतं. थंड पाण्याच्या जोडणीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ते मागे जाऊ देत नाही. जास्तीचा दाब या भोकातूनच सुटतो. भोक बंद आणि त्यात थर्मोस्टॅट बिघडला, तर टाकी फुटू शकते.

ठिबक नको असेल तर भोकाला नळी जोडा आणि उतार देऊन बाथरूमच्या जाळीपर्यंत सोडा. नळीचं तोंड उघडंच ठेवा. गीझर बंद असतानाही पाणी गळत राहिलं, तर व्हॉल्व्ह खराब असेल किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त असेल. तेव्हा प्लंबर बोलवा.

गरम पाण्याच्या पाइपवर फोमचं आवरण चढवलं, तर पाणी वाटेत कमी निवतं. भिंतीत गाडलेल्या पाइपला आता काही करता येत नाही. पण गच्चीवरच्या सोलर हीटरच्या उघड्या पाइपला ते हवंच. उन्हाने फोमचा भुगा होतो, म्हणून वरून टेप गुंडाळा. व्हॉल्व्ह मात्र झाकू नका.