रुग्णालयातील उधळपट्टी कोणाच्या खर्चाने?

काही दिवसांपूर्वी एका आप्तांच्या शस्त्रक्रियेचे देयक पाहण्याचा प्रसंग आला. हातमोजे, सिरिंजा, मुखपट्ट्या, कापसाची पाकिटे यांच्या यादीने दोन पाने भरली होती. त्यांतील किती वस्तू प्रत्यक्ष वापरल्या आणि किती नुसत्याच फोडून टोपलीत गेल्या, हे सांगण्यास कोणी बांधील नव्हते. हा दोष एका रुग्णालयाचा नव्हे. तो व्यवस्थेचा आहे.

एकदा वापरून टाकून द्यावयाच्या वस्तूंनी रुग्णांचे प्राण वाचविले आहेत, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात हेपटायटिस-बीची साथ पसरून अनेकांचे बळी गेले. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याचे तेथे उघडकीस आले होते. तेव्हा काटकसर म्हणजे सुईचा पुनर्वापर नव्हे. गरज नसताना पाकीट न फोडणे, ही खरी काटकसर.

हे साध्य होऊ शकते काय? लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयाने २०१८ मध्ये हातमोज्यांचा अनावश्यक वापर थांबविण्याची मोहीम हाती घेतली. रक्त वा शरीरस्रावाशी संबंध येत नाही अशा कामांत मोजे घालण्यापेक्षा हात नीट धुणे अधिक हितकारक, एवढेच कर्मचाऱ्यांना पटवून देण्यात आले. वर्षभरात सुमारे २१ टन प्लॅस्टिक वाचले.

आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांची विभागणी घालून दिली. ती आवश्यकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयांतील सुमारे ८५ टक्के कचरा साधा, निरुपद्रवी असतो. मात्र तो दूषित कचऱ्यात मिसळला की सगळाच धोकादायक ठरतो. परंतु विभागणीचा विचार कचरा झाल्यानंतरचा. तो होऊच नये यासाठी काय?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने दुखणे येथेच आहे. पाकीट फोडणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि भट्टीचा धूर सोसणारा तिसरा! निर्णय घेणाऱ्याला खर्चाची झळ लागत नाही, तेथे उधळपट्टी अटळ असते. म्हणून देयकात वापरलेल्या व न वापरलेल्या वस्तू वेगळ्या दाखवाव्यात आणि न फोडलेली पाकिटे परत घेण्याचे बंधन असावे. शस्त्रक्रियेत क्वचितच लागणारे साहित्य हाताशी ठेवावे, पण मागितल्याविना उघडू नये. धुऊन निर्जंतुक करता येणारे कापडी झगे व चादरी यांची तुलना टाकाऊ मालाच्या केवळ खरेदी-किमतीशी न करता विल्हेवाटीच्या खर्चासह करावी.

यासाठी नवे यंत्र लागत नाही, परकीय मदतही लागत नाही. लागतो तो चोख हिशेब. तो मागण्याचा पहिला अधिकार देयक भरणाऱ्या रुग्णाचा आहे. त्याने तो बजावावयास नको काय?