पहिला मुक्काम सीमेजवळच

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या गावातला एखादा पोरगा किंवा पोरगी परदेशाचं मनात आणते. नावं निघतात ती थायलंड आणि दुबईची. पहिल्यांदाच, एकट्याने आणि कमी पैशांत निघायचं असेल तर माझं मत नेपाळला. व्हिसा लागत नाही, विमान लागत नाही, पाट्या देवनागरीत असतात आणि हिंदीवर निभावतं. तरी देश परकाच, आणि त्याचं परकेपण अंगावर येतं ते पहिल्या दोन-तीन दिवसांत. नेमके तेच दिवस काटकसरीत घालवले तर पुढची सगळी सहल बिघडते.

गोरेगावहून हिंगोली, रेल्वेने अकोला, पुढे भुसावळ. मुंबईहून येणारी कुशीनगर एक्स्प्रेस भुसावळला धरली की थेट गोरखपूर. तिथून बसने सुनौली. कमानीखालून चालत गेलं की नेपाळ, आणि थोडं पुढे भैरहवा.

अडचण बहुधा ओळखपत्रावर येते. सगळीकडे आधार चालतं म्हणून आपण तेच घेऊन निघतो. पण नेपाळसाठी १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. त्या वयात आधार चालत नाही. चालत सीमा ओलांडताना कुणी हटकणार नाही कदाचित, पण लॉजवर, सिमकार्ड घेताना किंवा परतीला विमान धरायचं झालं तर तेच कागद मागतात.

मग पैसे. सीमेवरच्या टपरीवर भाव विचारला की उलटा प्रश्न येतो, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. १९९३पासून दर बांधलेला आहे: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. थाळी १६० सांगितली आणि आपण आपल्या नोटांत १६० मोजले, तर ६० रुपये उगाच गेले. पहिल्या दिवशी दमलेल्या डोक्याने हे फार वेळा घडतं. म्हणून भाव ऐकल्याबरोबर कोणत्या रुपयांत ते विचारायचं, आणि सुनौलीतच थोडे नेपाळी रुपये करून घ्यायचे. भारतीय नोटा शंभरापर्यंतच्या ठेवलेल्या बऱ्या, कारण २०१८मध्ये नेपाळने त्याहून मोठ्या नोटांवर बंदी घातली होती आणि तिथले नियम बदलत राहतात. मार्च २०२४पासून भारतीय यूपीआयने नेपाळी क्यूआर कोडवर पैसे देता येतात, पण त्यासाठी नेट लागतं, आणि आपलं सिम सीमेपलीकडे गप्प होतं. बँकेचा ओटीपी यावा म्हणून आंतरराष्ट्रीय रोमिंग गावातूनच सुरू करून निघावं.

भैरहवात संध्याकाळी काठमांडूच्या रात्रीच्या बसवाले हाका मारतात. एका रात्रीचं लॉजभाडं वाचतं, म्हणून मोह होतो. मी कळकळीने सांगतो, ती बस धरू नका. रेल्वेचा शीण अंगात असतो, वाटेत डोंगरातली वळणं आणि खाली नदी. १२ जुलै २०२४ला सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, भुसावळ तालुक्यातल्या यात्रेकरूंची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जणांचा जीव गेला. ती तर दिवसाउजेडी पडली होती. पावसाळा टाळावा आणि घाटाचा प्रवास सकाळीच करावा, एवढं आपल्या हातात आहे.

त्यापेक्षा भैरहवाहून पंचवीसेक किलोमीटरवर लुंबिनी आहे. १८९६मध्ये तिथे अशोकाचा स्तंभ सापडला. बुद्धाचा जन्म इथे झाला असं त्यावर कोरलेलं आहे. मराठवाड्या-विदर्भातल्या कित्येक उपासकांना ही वाट पाठ आहे, त्यामुळे गावात विचारलं तर जाऊन आलेलं कुणीतरी भेटेल. कोरियन विहारात साधी खोली आणि जेवण फार थोड्या पैशांत मिळतं. तिथे दोन रात्री राहावं. पहिल्या दिवशी झोपावं, बाटलीतलं पाणी प्यावं, गरम जेवावं. दुसऱ्या दिवशी स्तंभ बघावा, सायकल भाड्याने घेऊन देशोदेशीचे विहार हिंडावेत. पोट बिघडायचं असेल तर बहुधा याच दिवसांत बिघडतं, तेव्हा बसमध्ये असण्यापेक्षा खोलीत असलेलं बरं.

दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी एक उदासी येते. कशाला आलो, असं वाटतं. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांना ती चांगली माहीत असणार. १८९९च्या अखेरीस गोव्यातलं घर सोडून ते पुण्याला, पुढे काशीला गेले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले आणि १९०२मध्ये बौद्ध धर्माच्या ओढीने काठमांडूला पोचले. तिथे जे बघायला मिळालं त्याने त्यांची निराशा झाली. पण ते घरी परतले नाहीत. त्याच वर्षी कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पाली शिकू लागले, आणि पुढे हार्वर्डपर्यंत गेले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात हा प्रवास आहे. निघण्याआधी वाचून घ्यावा. उदासी आली म्हणून त्या रात्री परतीचं तिकीट काढू नये. सकाळी चहा घेऊन ठरवावं.

घरच्यांचंही बघायला हवं. आई-बापाला एकट्या लेकराची, विशेषतः लेकीची, काळजी वाटणं स्वाभाविक आहे, आणि ‘काही होत नाही’ म्हणून ती जात नाही. मुक्कामाचा पत्ता, तिथला फोन आणि पुढच्या बसचा दिवस कागदावर लिहून घरी ठेवावा. रोज एका ठरल्या वेळेला फोन करावा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, तेव्हा ती वेळ कुणाच्या घड्याळाने धरायची तेही आईला सांगून ठेवावं.