हळदीच्या रात्रीचं गाणं कोणत्या रकान्यात?

भिवंडी तालुक्यातल्या काल्हेर, कशेळी, कोन, पिंपळास अशा गावांमधल्या आगरी घरांत हळदीच्या रात्री तीन तऱ्हांचं गाणं ऐकू येतं. जिथे धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणारी धवलारीण अजून आहे तिथे मांडवातला प्रत्येक विधी तिच्या धवल्यांनी पुढे सरकतो. अंगणात बेंजो पार्टी ठेका धरते. रात्र चढली की डीजेच्या भिंतींतून आगरी-कोळी गाणी सुरू होतात. तिन्ही गाणी मोबाइलवर रेकॉर्ड होतात आणि दुसऱ्या दिवशी चढवलीही जातात. चढवताना एक रकाना भरावा लागतो, त्याचं नाव ‘जॉनर’. तिथे कुणी ‘फोक’ निवडतं, कुणी ‘रिजनल’, कुणी ‘वर्ल्ड’. धवला, बेंजोची धून आणि डीजेचं गाणं एकाच खणात पडतात, आणि पुढे शोधणाऱ्याला त्यातलं काहीच हाती लागत नाही.

हे खण कुणी पाडले, कधी पाडले, हे आपण पाहायला हवं. एमपी३ फाइलीतच गाण्याची माहिती नोंदवायची ‘आयडी३’ ही सोय एरिक केम्प यांनी १९९६ मध्ये काढली. तिच्या मूळ यादीत संगीताचे ८० प्रकार होते, ० पासून ७९ पर्यंत. ‘ब्लूज’ शून्य क्रमांकावर, ‘कंट्री’ दोन क्रमांकावर. पोल्का होता, ‘एथ्निक’ होतं, ‘ट्रायबल’ही होतं. ‘फोक’ मात्र नव्हतं. विनॅम्प या गाणी वाजवण्याच्या सॉफ्टवेअरने यादी वाढवली तेव्हा ते ८० व्या क्रमांकावर आलं. भारतातल्या एकाही संगीतप्रकाराचं नाव त्या ८० मध्ये नव्हतं. भिवंडीतल्या मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात भरून दिलेली हजारो गाणी याच चौकटीतून फिरली.

या यादीतले शब्दही फार जुने नाहीत. जर्मनीत हर्डर या विचारवंताने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांच्या गाण्यांना वेगळं नाव दिलं. इंग्रजीत ‘फोकलोअर’ हा शब्द विल्यम थॉम्स यांनी १८४६ मध्ये घडवला. अभ्यासकांचा हा शब्द बाजाराचा झाला तो अमेरिकेत, आणि ती हकिकत आपण नीट वाचण्यासारखी आहे.

१९२० मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या ‘क्रेझी ब्लूज’ या तबकडीचा खप पाहून कंपन्यांना कळलं की काळा ग्राहकही तबकड्या घेतो. त्याच्यासाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची वेगळी यादी निघाली. १९२३ मध्ये राल्फ पीअर यांनी अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवादकाचं ध्वनिमुद्रण केलं, तेही खपलं. दक्षिणेतल्या गोऱ्या गरिबांसाठी मग दुसरी यादी आली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या एका वाद्यवृंदाला पीअर यांनी नाव विचारलं, तेव्हा अल हॉपकिन्स यांनी आम्ही आपले डोंगरातले गावंढळ, अशा अर्थाचं उत्तर दिलं. तेच नाव वृंदाला चिकटलं आणि पुढे साऱ्या प्रकाराला: ‘हिलबिली’. गाणी, चाली, वाद्यं दोन्हीकडे बरीचशी सारखीच होती. ‘कार्टर फॅमिली’ या गोऱ्या वृंदाचे ए. पी. कार्टर डोंगरातल्या वस्त्यांवर गाणी गोळा करायला जात तेव्हा त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमात डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक गाजत होता. तरी कॅटलॉगची दोन पानं वेगळीच राहिली. त्या पानांवर संगीताची नव्हे, गिऱ्हाइकाच्या कातडीची वर्गवारी होती.

जून १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ही नावं बदलली. ‘रेस’चं ‘रिदम अँड ब्लूज’ झालं आणि गोऱ्या ग्रामीण गाण्यांसाठी ‘कंट्री अँड वेस्टर्न’ आलं. नावं सभ्य झाली, भिंत तिथेच राहिली. १९५९ च्या पहिल्या ग्रॅमी समारंभात किंग्स्टन ट्रिओच्या ‘टॉम डूली’ या लोकगीताला कंट्रीचं पारितोषिक द्यावं लागलं, कारण फोकचा विभागच नव्हता. तो पुढच्या समारंभात सुरू झाला. २०१९ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय गायकाचं ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढलं. २०२५ मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला कंट्री अल्बमची ग्रॅमी मिळाली तेव्हा शंभर वर्षांचं हे भांडण पुन्हा सगळ्यांना आठवलं.

बाकीचे शब्द थोडक्यात सांगता येतील. ‘हाँकी-टाँक’ म्हणजे दारूच्या गुत्त्यांतलं गाणं, गोंगाटावर मात करणारं. ‘ब्लूग्रास’ हे नाव केंटकीच्या बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वृंदावरून पडलं. ‘वर्ल्ड म्युझिक’ तर लंडनच्या एका पबात १९८७ मध्ये काही छोट्या कंपन्यांनी बसून ठरवलेलं नाव आहे. परदेशी तबकड्या दुकानात कुठल्या फळीवर ठेवायच्या, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

यातून इंग्रजी भाषेवर राग धरायचं कारण नाही. खलाशांचं शँटी, नाताळचं कॅरल, बाळाचं ललबाय ही नावं त्याच भाषेतली आहेत आणि गाणं कुणाचं, कधीचं, कशासाठी हे ती नेमकं सांगतात. दोष दुकानाचा आहे. दुकानाला गाणं कोण गातं याच्याशी घेणं नसतं, कोण विकत घेईल याच्याशी असतं.

आता आपल्याकडे वळू. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजा सोमेश्वराने महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद केली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या प्रबंधांच्या यादीत ‘धवल’ आहे, ‘मंगल’ आहे, ‘ओवी’ही आहे. त्याच शतकात महानुभावांच्या महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले आणि मराठीतल्या आद्य कवयित्रीचा मान मिळवला. आणि आज काल्हेरच्या मांडवात धवलारीण जे गाते त्याचं नावही धवलाच. पलीकडे वारल्यांच्या लग्नातही धवलेरी असते. ती गायल्याशिवाय लग्न लागत नाही. सातशे-आठशे वर्षं टिकलेलं हे नाव. ‘कंट्री’ हे लेबल छापलं गेल्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. ज्या प्रकाराला शार्ङ्गदेवाने यादीत जागा दिली, त्याला आपण ‘रिजनल’ म्हणून मोकळे होतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मात्र आपलीही सगळी नावं तळातून आलेली नाहीत. पोवाड्याला ‘बॅलड’ हे इंग्रजी नाव मुंबईचे पालिका आयुक्त राहिलेल्या हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुस्तकावर आलं. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या मदतीने १८९१ मध्ये पोवाडे छापले आणि १८९४ मध्ये त्यांतल्या काहींचं इंग्रजी रूपांतर केलं. त्या कामाबद्दल कृतज्ञ राहायला हवं. पण डफ, तुणतुणं, झीलकरी आणि समोरची सभा यांच्याशिवाय पोवाडा म्हणजे काय, हे ‘बॅलड’ शब्दात मावत नाही.

‘कोळीगीत’ हे तर अलीकडचं लेबल. कोळीवाड्यांत नाचाची, लग्नाची, नारळी पौर्णिमेची गाणी होतीच. पण ‘कोळीगीत’ म्हणून घराघरांत पोहोचलं ते शांता शेळके यांनी लिहिलेलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेलं, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायलेलं ‘मी डोलकर’. गाणं सुंदर आहे, त्यात शंका नाही. मात्र त्यातलं कुणीही कोळीवाड्यातलं नव्हतं. पुढे कॅसेटचा जमाना आला, वेसाव्याच्या मंडळींनी आपली गाणी आपल्याच आवाजात दिली, आणि नंतर आगरी गायकांनी आपलं नाव मागून घेतलं. त्यातून ‘आगरी-कोळी’ ही जोडी रुळली. मिठागरं आणि भातशेती करणारा आगरी, दर्यावर जाणारा कोळी. बोली जवळची, गाणी एकमेकांत मिसळलेली, पण एक नव्हेत. संतोष चौधरी ऊर्फ दादूस हे आगरी गायक भिवंडीचेच. २०२१ च्या ‘बिग बॉस मराठी’मुळे ते राज्यभर माहीत झाले, पण आगरी-कोळी हळदींना त्यांचा आवाज त्याआधी कितीतरी वर्षं ओळखीचा होता. या गाण्यांना ‘अस्सल लोकगीत नव्हे’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. १९६५ मध्ये बॉब डिलनने न्यूपोर्टच्या मंचावर इलेक्ट्रिक गिटार घेतली तेव्हाही असेच लोक चिडले होते. ज्या लग्नात माणसं त्यावर नाचतात त्या लग्नाचं ते गाणं आहे. सिंथेसायझर आहे म्हणून ते परकं होत नाही.

आणि बेंजो! कंट्री संगीताची खूण म्हणून जो बँजो ओळखला जातो तो गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी अमेरिकेत नेला. आपल्या हळदीतला बेंजो त्याचा भाऊ नाही. तो जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये मोरिता गोरो यांनी बनवलेल्या ताइशोगोतोचा वंशज. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे तंतुवाद्य आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून रुजलं. नाव अमेरिकेतलं, वाद्य जपानचं, वाजवणारा मुंबई-ठाण्याचा, आणि धून कोळीवाड्याची. कुठल्या देशाच्या खणात टाकणार?

भिवंडी फक्त आगऱ्यांची नाही. मागांच्या खडखडाटात पूर्व उत्तर प्रदेशातले विणकर बिरहा ऐकतात, पावसाळ्यात कजरी, चैत्रात चैता. भिखारी ठाकूर यांच्या ‘बिदेसिया’ या भोजपुरी नाटकातला नवरा कलकत्त्याला गेला होता, इथला भिवंडीला आलेला. पद्मानगरात तेलुगू पद्मशाली बायका नवरात्राच्या दिवसांत बतुकम्माभोवती फेर धरून गातात. वस्त्या-वस्त्यांत १४ एप्रिलला भीमगीतं होतात. वामनदादा कर्डक यांनी त्या प्रकाराला जी उंची दिली ती कुठल्याही ‘प्रोटेस्ट फोक’पेक्षा कमी नाही. तालुक्याच्या आदिवासी पाड्यांवर तारपा घुमतो. या सगळ्यांना फोनवर एकच शब्द: फोक.

आपल्या जुन्या नावांचं नुसतं कौतुक करून मी थांबणार नाही. गोंधळी, वासुदेव, पोतराज ही नावं गाण्याची आहेत तशी जातीचीही आहेत. कुणी काय गायचं आणि कुणापुढे हात पसरायचा हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. अमेरिकेच्या ‘रेस रेकॉर्ड्स’मध्ये जो अन्याय दिसतो तो इथे छापील कॅटलॉगशिवाय चालू होता. म्हणून संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांची मांडणी मला मोलाची वाटते. त्यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी मानल्या. हळदीतला धवला लोकसंगीत, डीजेवरचं गाणं जनसंगीत, बेंजोची धून संगम. तिघांनाही मान आहे आणि कुणाची जात विचारलेली नाही.

नोंद कशी करावी याचा नमुनाही आपल्याकडे तयार आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत गाणारीचं नाव आहे, गाव आहे, ओवीचा विषय आहे. धवल्यांचं असं काम भिवंडीत व्हायला हवं, आणि त्यासाठी संस्थेची वाट पाहायला नको. काल्हेर-कशेळीच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, लग्नं हॉलमध्ये जाऊ लागली, धवलारणी थकत चालल्या. या तुळशीच्या लग्नानंतर हळदी सुरू होतील. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलामुलींनी तेवढं करावं: जॉनरच्या रकान्यात हवं तर ‘फोक’ ठेवा, पण शीर्षकात ‘धवला’ लिहा, कोणत्या विधीचा ते लिहा, गावाचं नाव लिहा, आणि धवलारणीला विचारून तिचं नाव तिच्या तोंडून जसं येईल तसं लिहा.