शिवणीची धावपट्टी आणि शेजारची काळी

खामगावहून निघून अकोला ओलांडलं आणि मूर्तिजापूरची वाट धरली, की महामार्गाला लागूनच शिवणीचं विमानतळ येतं. 1943 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बांधलेलं. नियमित प्रवासी विमान तिथून सुटत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही विमानसेवा नाही, त्यामुळे शेगाव-खामगावकडच्या माणसांना हे विमानतळ आपलंच वाटतं. ते मोठं करा, ही मागणी मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतो आहे. मला ती पटत नाही.

मी शिकलो ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. विद्यापीठाची जमीन विमानतळाला अगदी खेटून आहे. वैशाखात तिथली काळी अशी भेगाळते, की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. पहिला मोठा पाऊस झाला की तीच माती फुगून भेगा गिळून टाकते. अशा जमिनीवर धावपट्टी टिकवायची तर खाली जाड पाया घालावा लागतो, नाहीतर डांबर उचकटतं. पण कपाशी, तूर, ज्वारी यांना हीच माती मानवते. ज्वारीच्या एकेका कणसावर कागदी पिशवी चढवून, दुसऱ्याचा पराग लागू नये म्हणून ती नीट बांधणारे मजूर मी तिथे पाहिले. असलं काम वर्षानुवर्षं चालतं तेव्हा एक वाण हाती येतो. याच विद्यापीठात 1987-88 मध्ये ज्वारी-गव्हाच्या फेरपालटावर दीर्घकालीन खत प्रयोग सुरू झाला. असा प्रयोग उचलून दुसऱ्या शिवारात नेता येत नाही, कारण प्रयोग त्या मातीवरच चाललेला असतो.

अडचण लांबीची आहे. मूळची धावपट्टी सुमारे 1,200 मीटरची, नंतर 1,400च्या आसपास नेली. एटीआर-72 सारख्या सत्तर आसनी विमानाला समुद्रसपाटीवर, साधारण हवेत, पूर्ण भारासह उडायला 1,300 मीटर लागतात. अकोल्यात मे महिन्यात पारा 45च्या वर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त धावावं लागतं. म्हणून 1,800 मीटरची मागणी झाली. विद्यापीठाची सुमारे 60 हेक्टर जमीन विमानतळाकडे गेली, तरी तेवढ्याने भागत नाही. खासगी शेतंही लागणार आहेत.

दरम्यान शंभरेक किलोमीटरवर अमरावतीचं बेलोरा विमानतळ 1,850 मीटरची धावपट्टी घेऊन उभं राहिलं. 16 एप्रिल 2025 रोजी तिथून मुंबईची सेवा सुरू झाली. पश्चिमेला छत्रपती संभाजीनगर आहे, मेहकर-सिंदखेडराजावरून समृद्धी महामार्ग जातो, मलकापूर-शेगावला हावडा मार्गावरच्या गाड्या थांबतात. एवढं असताना आणखी काळी जमीन डांबराखाली घालणं मला अन्यायाचं वाटतं.

भीती मात्र दुसऱ्या टोकाचीही आहे. विमान येत नाही म्हटलं, की शहराजवळच्या सपाट जमिनीवर लेआउट पाडणाऱ्यांची नजर जाते. महायुद्धातच कल्याणजवळ नेवाळीला धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून लोक इतकी वर्षं झगडत राहिले, आणि जून 2017 मध्ये तिथे हिंसक आंदोलन पेटलं. बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळाचं वेगळं झालं. 2008 मध्ये ते बंद झालं, 2010 मध्ये मैदान लोकांना खुलं केलं. कडेने घरं बांधायचा बेत निघाला, तो 2014च्या सार्वमतात बर्लिनकरांनी हाणून पाडला. आज जुन्या धावपट्टीवर मुलं सायकली चालवतात.

शिवणीबाबत माझं म्हणणं असं: आहे ती धावपट्टी डागडुजी करून रुग्णविमानांसाठी आणि वैमानिक प्रशिक्षणासाठी ठेवावी, कारण लहान विमानांना तेवढी लांबी पुरते. पुढची शेतं घेऊ नयेत. विद्यापीठाच्या दिलेल्या जमिनीपैकी जिथे डांबर पडलेलं नाही आणि उड्डाणाच्या सुरक्षेलाही जी लागत नाही, ती करारानं पुन्हा प्रयोगशेतीला द्यावी. सातबारावर ती सार्वजनिकच राहावी. एकही गुंठा प्लॉट म्हणून विकला जाता कामा नये.