चिंकारा पाणवठ्यावर का येत नाही

शाळांचे निकाल लागले, की जैसलमेरच्या सहलींची आखणी सुरू होते. मे महिन्यात तिथली हॉटेलं स्वस्त मिळतात, मुलांना सुट्टी असते आणि घरात एखादी नवी झूम लेन्स आलेली असते. मग दरवर्षी तोच सल्ला कानावर येतो: ‘उन्हाळा आहे ना, मग काळजीच नको. एखादा पाणवठा गाठायचा आणि बसून राहायचं; प्राणी झक मारत पाण्यावर येतात.’ सल्ला देणारा खोटं बोलत नसतो, त्याने तो विदर्भातून उचललेला असतो. महाराष्ट्रात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून प्राणीगणना करायची जुनी पद्धत आहे आणि ताडोबातले वाघाचे कितीतरी गाजलेले फोटो मे महिन्यातल्या पाणवठ्यांवरचेच आहेत. गवा, सांबर, वाघ यांना उन्हाळ्यात पाण्यापासून लांब राहणं परवडत नाही. जंगलातले ओढे आटत गेले, की उरलेल्या डबक्यांभोवती गर्दी होणारच. हा नियम तिथे चोख लागू पडतो. तो तसाच उचलून थरच्या वाळवंटात नेला, की माणसं रिकाम्या टाक्याकडे दुर्बीण लावून सकाळ घालवतात आणि परत येऊन सांगतात, ‘वाळवंटात उन्हाळ्यात काहीच नसतं.’ एका गैरसमजातून दुसरा जन्मतो तो असा.

ज्या प्रदेशात उघडं पाणी महिनोन्‌महिने नसतं, तिथे रोज पाणी प्यावं लागणारा प्राणी टिकलाच नसता, इतकी ही साधी गोष्ट आहे. चिंकारा हा थरमधला हरणासारखा प्राणी पाला, शेंगा आणि झुडपांवरचं दव यांतून लागेल तेवढं पाणी मिळवतो आणि मिळालेलं जपूनही वापरतो: त्याची लघवी अत्यंत दाट, लेंड्या कोरड्या. आफ्रिकेतल्या त्याच्या भाऊबंदांबद्दल सी. रिचर्ड टेलर या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात केनियात एक मजेशीर गोष्ट मोजली होती. तिथल्या एका झुडपाची वाळकी पानं दिवसा हातात चुरली तर भुगा होतो, कारण त्यांत जेमतेम १ टक्का पाणी असतं. पण रात्री हवेतला ओलावा शोषून तीच पानं ४० टक्क्यांपर्यंत पाणी धरतात. म्हणजे काय खायचं यापेक्षा कधी खायचं हा प्रश्न मोठा. लहान कृंतकांची तर आणखी कमाल. अमेरिकेतल्या वाळवंटी कांगारू उंदरावर क्नुट श्मिट-नील्सन यांनी केलेलं काम आता पाठ्यपुस्तकांत आहे: हा उंदीर कोरडं बी खाऊन, एक थेंबही न पिता जगतो. १ ग्रॅम चरबी शरीरात जळते तेव्हा सुमारे १ ग्रॅम पाणी तयार होतं. पिठूळ पदार्थांतून त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. हे पाणी कोणत्याही प्राण्याच्या, आपल्याही शरीरात तयार होतं. फरक एवढाच, की आपण ते घामात आणि मूत्रात उधळतो, तर वाळवंटी उंदराची मूत्रपिंडं ते राखतात. थरमधला जर्बिल उंदीरही बिया, पानं आणि गवताची मुळं यांवर भागवतो. वाळवंटी खोकडाला पाणी मिळतं ते अशा उंदरांच्या, सरड्यांच्या आणि किड्यांच्या शरीरातून.

‘मग पाण्यावर काढलेले वाळवंटी प्राण्यांचे फोटो दिसतात ते काय खोटे?’ असा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त आहे. ते खोटे नाहीत. चिंकाऱ्याला समोर पाणी दिसलं तर तो पितो. न मिळाल्यास त्याचं अडत नाही, एवढंच. काळविटाला मात्र पाणी लागतं, नीलगाईलाही सोयीचं असतं आणि कच्छच्या छोट्या रणातलं रानगाढव पाण्यापासून फार दूर राहू शकत नाही. सगळ्यात ठळक अपवाद पखुर्डीचा. कोरडं बी खाणाऱ्या या पक्ष्याला पाणी प्यावंच लागतं, त्यासाठी तो थव्याने मैलोन्‌मैल उडत येतो. पिल्लांसाठी नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून नेतो, हे मीड-वॉल्डो यांनी १८९६ मध्ये लिहिलं तेव्हा पक्षीतज्ज्ञांनी विश्वास ठेवला नाही. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लिन यांनी पिसांची सूक्ष्म रचना दाखवल्यावर शंका मिटली. ज्यांना थरच्या पाणवठ्यावर बसायचंच आहे त्यांनी सकाळी पखुर्डीसाठी जरूर बसावं. पाणवठ्याशी माझं भांडण नाही, ‘सगळे तिथेच येतात’ या भरवशाशी आहे.

या भरवशाचं एक रूप मात्र संतापजनक आहे. बिसलेरीची बाटली फोडून वाळूत खळगा भरायचा, शेजारी बिस्किटं टाकायची आणि खोकड आलं की रील काढायचं; वर ‘मुक्या जीवाची तहान भागवली’ असा मजकूर. ज्या प्राण्याची तहान हजारो पिढ्या उंदीर खाऊन भागते आहे, त्याला ही भूतदया फक्त एक गोष्ट शिकवते: गाडी म्हणजे खाऊ. मग ते रस्त्यावर येतं आणि चाकाखाली जातं. आयत्या पाण्याचे आणि खरकट्याचे खरे गिऱ्हाईक असतात भटकी कुत्री. थरमध्ये चिंकाऱ्याला आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना असलेल्या मोठ्या धोक्यांत ही कुत्री येतात. पाणी कुठे ठेवायचं ते वनखात्याने आणि गावकऱ्यांनी ठरवावं. तीन दिवसांच्या पाहुण्याने त्यात पडू नये.

मग शोधायचं काय? तापमान. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीत ५१ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. ही सावलीतल्या हवेची नोंद आहे, वाळूचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. पण तीच वाळू अर्धा मीटर खाली गेलात तर दिवसरात्रीचा फरक जवळजवळ जाणवत नाही. म्हणून इथलं वेळापत्रक पाणी ठरवत नाही, बीळ आणि सावली ठरवतात. जर्बिल हा दिवसा फिरणारा उंदीर. थंडीत तो भर दुपारी दिसतो, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. सांडा हा सरडा तर उन्हाळ्याचाच प्राणी. थंडीत तो बिळात झोपलेला असतो, म्हणजे डिसेंबरात जाणाऱ्या हौशी फोटोग्राफरला जो बहुधा दिसत नाही, तो मे महिन्यात मुलांना दिसू शकतो. सकाळी जमीन तापू लागली की तो बिळाच्या तोंडाशी येतो, जवळपास चरतो, धोका वाटला की आत. बीळ सापडलं की लांब गाडी थांबवून, इंजिन बंद करून, आतच बसून राहावं. खाली उतरलेला माणूस त्याला लगेच कळतो. मे अखेरीस जैसलमेरला सहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि मावळायला साडेसात होतात. पहिले तीन तास आणि शेवटचे दोन, एवढीच कामाची वेळ. मधला वेळ मुलांनी किल्ला पाहावा, किंवा सरळ झोपावं.

यावर हौशी मंडळी म्हणतात, दुपारी उजेड भरपूर, शटर वेगवान ठेवता येतं, फोटो कडक येणार. येत नाहीत. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांमुळे हवा थरथरते आणि लांबच्या प्राण्याची कड विरघळल्यासारखी दिसते. लेन्स जितकी लांबची, तितकी ही थरथर मोठी होऊन येते. दीड लाखाची लेन्स घेऊन चिंकारा धूसर आला की लोक दुकानदाराशी भांडतात. त्यात लेन्सचा दोष नाही, तिपाईनेही काही साधत नाही. अंतर कमी असणं आणि जमीन थंड असणं, हे दोनच उपाय. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंशांची दिलेली असते, ती वाचावी.

बाकीचे समज थोडक्यात. वन्यजीव वाळूच्या टेकड्यांवर असतात असं नाही: १९८० मध्ये जाहीर झालेल्या ३,१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये टेकड्यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा; प्राणी पाहायचे तर सेवण गवताच्या माळांवर जावं, सम इथल्या टेकड्यांवरच्या उंटसफारीत नव्हे. उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. खिचन गावी थंडीत येणारे करकोचे मे महिन्यात भेटणार नाहीत, ते मार्चपर्यंत उत्तरेला गेलेले असतात. फुरसं उन्हाळ्यात रात्री फिरतं, तेव्हा मुलांना अंधारात अनवाणी टेकडीवर सोडू नये. आणि ‘माळढोक अगदी जवळून दाखवतो’ म्हणणाऱ्या चालकाला नकार द्यावा. उन्हाळा आणि पावसाळा हा माळढोकाचा विणीचा हंगाम, मादी उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालते आणि देशात मोकळ्या रानात हे पक्षी दीडशेही उरलेले नाहीत. गाडीमुळे मादी अंड्यावरून उठली, तर ते अंडं कावळ्याला किंवा कुत्र्याला सापडायला फार वेळ लागत नाही.