भाषा एक, राज्यें अनेक

शाळेंत दक्षिण अमेरिकेचा नकाशा भिंतीवर टांगला कीं, एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारी, “मास्तर, यांतल्या बहुतेक देशांची भाषा स्पॅनिश, मग राज्यें इतकीं कां?” तास संपत आलेला असे व उत्तर राहून जाई. तें ऋण आज फेडावें म्हणतों.

या भूभागाचें एक राष्ट्र व्हावें, अशी तळमळ सिमॉन बोलिव्हार याला लागली होती. १७८३ सालीं काराकास येथें जन्मलेल्या या सेनानीनें स्पेनची सत्ता उलथून टाकण्यांत आयुष्य वेंचलें. त्याच्या पुढाकारानें १८१९ सालीं कोलंबियाचें विशाल प्रजासत्ताक स्थापन झालें. आजचे कोलंबिया, व्हेनेझुएला, एक्वाडोर व पनामा हे देश त्यांत सामावले. १८२६ च्या जूनमध्यें पनामा येथें परिषद भरली. मेक्सिको, मध्य अमेरिका, कोलंबिया व पेरू यांच्या प्रतिनिधींनीं कायमच्या ऐक्याचा व संयुक्त संरक्षणाचा तह केला. पण त्यास मंजुरी दिली ती एकट्या कोलंबियानें. पुढें तें प्रजासत्ताकही फुटलें, आणि १८३० च्या डिसेंबरांत बोलिव्हार निराश मनानें मरण पावला.

असें कां व्हावें? स्पेननें हे प्रांत निरनिराळे राखून त्यांच्या आपसांतील व्यापारावर दीर्घकाळ निर्बंध घातले होते. अँडीज पर्वतामुळें बोगोटाचा हुकूम काराकासला पोंचण्यास कित्येक आठवडे लागत. दूरच्या राजधानीचें वर्चस्व स्थानिक सरदारांस व जमीनदारांस नको होतें. समान शत्रू हटतांच ऐक्याची गांठ सैल झाली. शिवाय पर्वतप्रदेशांतील लक्षावधि रहिवासी केचुआ व आयमारा भाषा बोलत. ऐक्याच्या वाटाघाटींत त्यांना कोणी विचारलेंच नव्हतें.

तरीही ती आकांक्षा मेली नाहीं. १९९१ सालीं मेक्सिकोंतील ग्वादालाहारा येथें स्पेन व पोर्तुगाल यांसह अमेरिकेंतील स्पॅनिश व पोर्तुगीज भाषिक देशांचे प्रमुख प्रथमच एकत्र बसले. २०११ सालीं काराकास येथें ३३ देशांचा संघ स्थापन झाला. त्यांत इंग्रजी व फ्रेंच बोलणारे देशही आहेत.

माझ्या त्या विद्यार्थ्यास आतां मी सांगेन: बाळ, भाषेमुळें माणसें एकमेकांचें बोलणें समजूं शकतात. पण एका राज्यांत नांदावयाचें, तर त्यांच्यांत रस्ते हवेत, व्यापार हवा, आणि राजधानी आपलीही आहे असा दूरच्या खेड्यालाही भरंवसा हवा.