कोंबडीच्या मांसाचे आतील तापमान : तापमापीची निवड व वापर

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूर येथील कोंबड्यांमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू आढळल्याचे जाहीर झाले. भारतातील ही पहिलीच नोंद होय. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेला नवापूर तालुका आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील सावदा, मारुळ आदी गावांतही हा रोग आढळला. लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या आणि ‘मांस नीट शिजवून खावे’ असा सल्ला सर्वत्र दिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र त्यासोबत एक आकडाही दिला होता : मांसाचा प्रत्येक भाग ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. ‘नीट’ या शब्दाला मोजमाप देणारा हा आकडा आपल्या स्वयंपाकघरांत अद्याप रुजलेला नाही. तो मोजणाऱ्या साधनाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मांस शिजले की नाही हे आपण रंगावरून ठरवतो. परंतु रंग फसवा असतो. ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांची असतानाच कापली जाते. तिची हाडे पुरती घट्ट झालेली नसल्याने मज्जेतील रंगद्रव्य बाहेर झिरपते आणि शिजलेले मांसही हाडालगत लालसर दिसते. उलटपक्षी, सुरक्षित तापमान गाठण्यापूर्वीच मांस पांढरे पडू शकते.

काळ्या मसाल्याचा खानदेशी रस्सा बराच वेळ रटरटत असतो. त्यातील लहान फोडींसाठी तापमापीची गरज नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रश्न आहे तो तंदुरी कोंबडीचा, तळलेल्या तंगडीचा आणि वसतिगृहात घाईने उरकलेल्या मोठ्या स्वयंपाकाचा. तंदुरीवर बाहेरून काळे डाग पडतात, तरी मांडीचा गाभा कच्चा राहू शकतो.

तबकडीच्या तापमापीत उष्णता जाणणारा भाग सळईच्या टोकापासून पाच-सहा सेंटिमीटर लांब असतो. ती अख्ख्या कोंबडीला चालते, तंगडीला नाही. अंकदर्शक तापमापी टोकाशीच तापमान जाणते व काही सेकंदांत दाखवते. आपल्याकडे तीच घ्यावी. सळई बारीक व गंजरोधक पोलादाची असावी. ताप मोजण्याची तापमापी ४२ अंशांच्या आसपास संपते. प्रयोगशाळेतील पाऱ्याची तापमापी अन्नात कधीही घालू नये. कोरोनाकाळात महाविद्यालयांनी कपाळाचा ताप मोजण्यासाठी घेतलेली यंत्रे अजून कपाटांत आहेत. पण अवरक्त किरणांवर चालणारे यंत्र केवळ पृष्ठभाग मोजते, म्हणून तीही येथे निरुपयोगी.

नवी तापमापी प्रथम पडताळून पाहावी. बर्फाचा चुरा व थोडे पाणी यांच्या मिश्रणात ती शून्य अंश दाखवते का, हे पाहणे सर्वांत विश्वसनीय. उकळत्या पाण्यात धुळे-जळगावच्या उंचीवर साधारण ९९ अंश दिसतील. तो दोष समजू नये.

सळई मांसाच्या सर्वांत जाड भागात, मांडीच्या आतल्या बाजूने खुपसावी. टोक हाडाला वा भांड्याला टेकल्यास आकडा चुकतो. आकडा स्थिर होऊ द्यावा व दोन-तीन जागी पाहून सर्वांत कमी तो ग्राह्य मानावा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या खानपान सेवेसाठीच्या तपासणी सूचीनुसार मांसाहारी पदार्थाच्या गाभ्याचे तापमान ६५ अंशांवर १० मिनिटे, ७० अंशांवर २ मिनिटे किंवा ७५ अंशांवर १५ सेकंद राहिले पाहिजे. घरी ७५ हाच आकडा लक्षात ठेवणे सोयीचे. कच्च्या मांसातून काढलेली सळई साबणाने धुतल्याशिवाय पुन्हा खुपसू नये.